भिवंडीच्या वर्गात विचारलेला प्रश्न

मानकोली, ता. भिवंडी

चि. बाय,

ज्यूंच्या कत्तलीचा धडा चालू असताना एका मुलाने विचारलं, "मॅडम, आपल्याकडे असं झालं होतं का?" आणि तुला उत्तर सुचेना, असं तू लिहिलंस. भिवंडीच्या शाळेत हा प्रश्न आला की जीभ अडखळणारच. पण तो टाळू नकोस.

भिवंडीत हिंदू-मुसलमान दंगली झाल्या. तो वंशसंहार नव्हता, हे आधी स्पष्ट सांग. एखादा समाज पूर्ण किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू, ही १९४८च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातली कसोटी आहे. साठ लाख ज्यू मारायला याद्या, रेल्वेगाड्या, छावण्या, नाझींचं अख्खं सरकार राबलं. दोन्ही एकाच मापाने मोजू नकोस. तयारी मात्र सारखीच होते. आधी अफवा, मग शेजाऱ्याचं नाव जाऊन त्या जागी "ते लोक".

रवांडाचं उदाहरण तुला शिक्षक म्हणून जास्त टोचेल. १९९४ मध्ये तिथे शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी समाजाची; मारणारे बहुतेक हुतू. त्याआधी कित्येक वर्षं तिथले गुरुजी भर वर्गात हुतू कोण, तुत्सी कोण, असं विचारून मुलांना उभं करत. मुरांबीच्या तांत्रिक शाळेत लोकांना आसऱ्याला पाठवलं आणि तिथेच हजारोंची कत्तल झाली. ती शाळा आज स्मारक आहे. संहारानंतर त्या देशाने शाळांतला इतिहास विषयच काही वर्षं बंद ठेवला होता. संहाराची वाट शाळेतूनही जाऊ शकते; म्हणून २७ जानेवारीला, ज्यूंच्या संहाराच्या स्मृतिदिनी, मेणबत्त्या लावल्या की शाळेचं काम झालं, असं मला वाटत नाही.

आता आपलं. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी भिवंडी पेटली. न्यायमूर्ती मादन आयोगाने चौकशी केली आणि पोलिसांच्या पक्षपातावरही बोट ठेवलं. मे १९८४ मध्ये पुन्हा तेच. तेव्हा तुझ्या आजीने आम्हांला मानकोली नाक्यापलीकडे जाऊ दिलं नव्हतं. हे शिकवताना प्रेतांचे फोटो दाखवू नकोस. कुणाला हल्लेखोर, कुणाला बळी करून नाटुकलं तर मुळीच बसवू नकोस. तुझ्या वर्गात दोन्ही घरची पोरं एका बाकावर बसतात. अफवा कुठून निघाली, कोण गप्प बसलं, कोणाला थांबवता आलं असतं, हे त्यांना शोधू दे.

आणि तिथेच थांबू नकोस. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं, लूमवाले, कामगार, दुकानदार, पोलिसांसोबत नियमित बसू लागली. गल्लीतली कुरबुर गल्लीतच मिटू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. दोनदा होरपळलेल्या गावाने हे केलं! भिवंडीच्या प्रत्येक मुलाला ही गोष्ट ठाऊक असलीच पाहिजे. ती दंगलीइतकीच आपली आहे, आणि नेमकी हीच कुणी सांगत नाही.

जूनमध्ये शाळा उघडली की त्या कमिट्यांतल्या दोघांना वर्गात बोलाव, एक हिंदू, एक मुसलमान. मुलांना त्यांना हवं ते विचारू दे. ती माणसं आता म्हातारी झाली आहेत. पुढच्या वर्षावर ढकलू नकोस.

तुझा,
मामा