ओळखीचा माणूस

"फादर, गृहकर्ज करून देणारा एखादा ओळखीचा माणूस सांगा ना!" बिबवेवाडीतील कुटुंबांना भेटी देताना हा प्रश्न आमच्या कानी वारंवार पडतो. विचारणारी जोडपी तरुण असतात. मिळकत कष्टाची आणि कर्ज वीस वर्षांचे. धर्मगुरूच्या तोंडून आलेले नाव अशा वेळी नुसते नाव राहत नाही, ते जामीन ठरते. म्हणून नाव सांगण्यापूर्वी आम्ही चार शब्द बोलतो.

स्थानिक एजंटाचा उपयोग आहे, हे आम्हांस मान्य आहे. बिबवेवाडीत जुन्या सहकारी गृहसंस्था पुष्कळ. कोणत्या इमारतीला भोगवटापत्र आहे, कोठे जमिनीचे अभिहस्तांतरण अडले आहे, हे त्याला ठाऊक असते. शिवाय मार्केट यार्डात उद्या पुन्हा आपल्या समोर येणारा माणूस शब्द जपून देतो. परंतु त्याचा मोबदला सहसा बँक देते आणि तो कर्जाच्या रकमेच्या प्रमाणात असतो. यात पाप नाही. तो त्याचा व्यवसाय आहे. मात्र त्याचे हित आणि आपले हित प्रत्येक वळणावर एकच असेल, असे नाही.

३० लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे २६,००० रुपये आणि एकूण व्याज सुमारे साडेबत्तीस लाख होते. तेच १५ वर्षांत फेडले, तर हप्ता साडेतीन हजारांनी वाढतो. पण व्याजाचे नऊ लाखांहून अधिक रुपये वाचतात. हा हिशेब घरात बसून, पतिपत्नींनी मिळून करावयाचा असतो.

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या अशा कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने एक पत्रक सक्तीचे केले आहे. व्याज आणि सर्व शुल्क धरून कर्ज वर्षाला किती टक्क्यांना पडते, ते त्यात लिहावे लागते, तेही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. पत्रकात नसलेले शुल्क त्याच्या स्पष्ट संमतीवाचून आकारता येत नाही. सहीपूर्वी विचारासाठी किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात.

आमच्या परिचयाच्या एका परिचारिका भगिनीने हे पत्रक मागितले, तेव्हा घरातच कुजबुज झाली. एजंट दिराचा मित्र. त्याला काय वाटेल? परंतु त्याने पत्रक आणले आणि शेजारी बसून वाचून दाखवले. कर्जात एका विम्याचा हप्ता मिळवलेला आढळला. तो विमा तिला नको होता. तो काढण्यात आला. मैत्री तुटली नाही, उलट तिला पाया मिळाला.

वसईत १९१८ साली लावलेल्या सहकाराच्या रोपट्यातून आजची बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक वाढली. एकमेकांची ओळख हे अशा पतीचे बीज खरे; पण पत टिकते ती लिहिलेल्या हिशेबावर.

वाचकहो, आपल्या लहान वस्तीत फसवणुकीपेक्षा भीडच अधिक महाग पडते. ओळखीचा माणूस जरूर शोधावा. पण तीन प्रश्न त्याला निःसंकोच विचारावेत. आपण किती बँकांचे काम पाहता? आमच्याकडून वेगळे पैसे घेणार का? आणि पत्रक कधी देणार? या प्रश्नांनी जो रागावत नाही, त्याचेच नाव आम्ही इतरांना सांगतो.