नोझलचा फवारा

विहिरीवरच्या लिस्टर पद्धतीच्या इंजिनाचं हेड आज उतरवलं. सहा अश्वशक्ती, मिनिटाला 650 फेरे. मूळ घडण 1930 च्या आसपासची, इंग्लंडातल्या डर्स्ली गावची. सुटे भाग मात्र अजून राजकोटहून येतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मिस्त्रींनी नोझल टेस्टरवर लावलं. जुनं नुसतं ठिबकत होतं; नवं लावलं आणि धुक्यासारखा फवारा सुटला. मी पाहतच राहिलो. एवढ्याशा फटीतून उडालेलं डिझेल दाबलेल्या हवेच्या उष्णतेनंच पेटतं, ठिणगी लागतच नाही. वडील हँडल मारायचे, तेव्हा त्यांच्या मनात हे येत असेल का?

लायनर झिजलाय, रिंगांचं माप जुळत नाही. ओव्हरसाइज रिंगा मिळतात का, ते मिस्त्री उद्या तालुक्याला विचारणार आहेत.