एक रेघ

न्यू जर्सीतील या भाड्याच्या खोलीत, २०१२ साली अमेरिकी सरकारने घरगुती वापरास मंजुरी दिलेला एचआयव्ही-चाचणीचा संच उघडून, वरच्या नि खालच्या हिरड्यांवरून एकेकदा फिरवलेली काडी मी द्रावणाच्या नळीत उभी केली, तेव्हा पुरुषावर प्रेम करणाऱ्या माझ्या आयुष्याचे सारे दप्तर त्या इवल्या खिडकीपाशी येऊन थांबले आहे, असे वाटले.

२० मिनिटांनी एकच रेघ उमटली. गेल्या ३ महिन्यांतील संसर्ग या चाचणीतून निसटू शकतो, आणि दुसरी रेघ उमटती तरी प्रयोगशाळेच्या तपासणीवाचून तो अखेरचा फैसला ठरला नसता, हे ठाऊक असूनही मन निवले. मात्र हा दिलासा फोनवरून आईला कधी सांगता येईल?