नदीचे मूळ

ज्या कथेचा विस्तार एका शीर्षकाच्या पोटात न मावता तीन स्वतंत्र मालिका, काही उपकथा, एक सचेतन चित्रपट आणि एक भव्य हॉलिवुडी बोलपट इतका पसरला आहे, तिच्या उंबरठ्यावर उभ्या राहिलेल्या वाचकाला प्रथम जो प्रश्न पडतो तो रसाचा नसतो, क्रमाचा असतो. आणि हा प्रश्न वरकरणी ग्रंथपालाच्या दफ्तरातला वाटला, तरी विचार करू लागले म्हणजे तो मनुष्याच्या ओळखीविषयीचाच एक जुना प्रश्न आहे असे ध्यानात येते. युकितो किशिरो या जपानी चित्रकथाकाराची ‘गन्मू’ ही अशी कथा आहे. ‘बॅटल एंजल अलिटा’ हे तिचे इंग्रजी नाव आपल्याकडील तरुण वाचकांच्या अधिक परिचयाचे. तिची पहिली मालिका ‘बिझनेस जंप’ या नियतकालिकात १९९० ते १९९५ या काळात चालली व नऊ खंडांत संपली. पुढे २००० साली आरंभलेली ‘लास्ट ऑर्डर’ ही दुसरी मालिका २०१४ पर्यंत चालून एकोणीस खंडांची झाली. आणि त्याच वर्षी ‘मार्स क्रॉनिकल’ ही तिसरी मालिका सुरू झाली, जी काळाच्या हिशेबाने पहिलीच्याही मागे, थेट नायिकेच्या मंगळावरील बालपणापर्यंत जाते.

अडचण उत्पन्न होते ती इथे. माझ्या भाचीने, जिने हे सारे खंड वाचून काढले आहेत, मला मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, “मामा, तू आधी मंगळाची गोष्ट वाच, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल.” तिचा सल्ला तर्कशुद्ध होता, कारण जे आधी घडले ते आधी वाचावे यात गैर ते काय? तरीही मी तो मानला नाही, आणि न मानण्याचे कारण शोधता शोधताच मला ही कथा अधिक समजली.

पहिल्या खंडाची पहिली पानेच पाहावीत. आकाशात झालेम नावाचे एक नगर अधांतरी लटकले आहे. त्याच्या खाली, त्याच्याच टाकाऊ वस्तूंच्या राशीभोवती, भंगारवस्ती वसली आहे. इदो नावाचा एक वैद्य, जो यंत्रदेहांची दुरुस्ती करून पोट भरतो, त्या राशीत उपयोगी सुटे भाग धुंडाळीत असता त्याच्या हाती एका मुलीचे मस्तक आणि छातीपर्यंतचा भग्न देह लागतो. देह यंत्राचा आहे, पण कवटीतला मेंदू मानवी आहे, आणि तो मेलेला नसून दीर्घ निद्रेत गेलेला आहे. इदो तिला घरी नेतो, नवे हातपाय देतो आणि नुकत्याच मेलेल्या आपल्या मांजराचे गॅली हे नाव तिला ठेवतो. (अलिटा हे इंग्रजी अनुवादातले नाव.) तिला स्वतःविषयी काहीही आठवत नाही. एके रात्री इदोच्या वर्तनाचा संशय येऊन ती त्याच्या मागे जाते, त्याच्यावर प्राणसंकट ओढवलेले पाहते, आणि त्या क्षणी तिचे शरीर एका अशा युद्धविद्येने झेप घेते की जिचे नावही तिला त्या वेळी ठाऊक नसते. ती विद्या मंगळावरची आहे हे पुढे कळते. परंतु वाचकाने ती झेप पाहावयाची ती गॅलीच्याच अज्ञानातून, तिच्याच आश्चर्यासह. मंगळाची कथा आधी वाचून आलेल्याला तिथे एका जुन्या सैनिकाची सवय दिसेल. काही न वाचता आलेल्याला, एक मुलगी स्वतःला प्रथमच भेटत असल्याचे दिसेल. या दोन दर्शनांत फार अंतर आहे, आणि किशिरोने कथा रचली ती दुसऱ्या दर्शनासाठी, असे मला वाटते.

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण बहुधा मूळ हीन निघेल या भीतीने वापरली जाते. पण तिच्यात याहून मोठे शहाणपण आहे, ते असे की ज्याची थोरवी करणीने सिद्ध होत आहे त्याला उत्पत्तीचा दाखला आधी मागणे हा त्या करणीचा अधिक्षेप आहे. कौरवपांडवांच्या शस्त्रपरीक्षेत कृपाचार्यांनी कर्णाला कूळ विचारले ते अर्जुनावर त्याचा बाण सुटण्यापूर्वी. त्या प्रश्नाने रंगभूमीवरचा सामना थांबला आणि पुढचा सारा अनर्थ ओढवला. मालिकेचा आरंभ नायिकेच्या जन्मापासून करू पाहणारा वाचक कृपाचार्यांच्याच आसनावर बसू पाहतो.

भंगारवस्तीची राज्यव्यवस्था या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिथे प्रजेचे सरकार नाही. ‘कारखाना’ नावाच्या एका यंत्रणेचा अंमल आहे आणि ती यंत्रणा झालेमची मुखत्यार आहे. बंदूक बाळगण्यास मनाई, आकाशात उडण्यास मनाई, आणि पोलीस तर मुळीच नाहीत. गुन्हेगाराच्या शिरावर इनाम जाहीर होते, आणि सनद मिळालेल्या शिकाऱ्यांनी ते शीर कापून कारखान्याच्या कचेरीत रुजू करावे व रोख रक्कम घेऊन जावे, असा तिथला शिरस्ता. प्रत्येकाचे मोल त्याच्या शिरापुरते उरलेल्या या मुलखात वर, झालेमला, पोहोचण्याची आस बाळगणारा युगो नावाचा मुलगा गॅलीच्या प्रीतीचा विषय होतो. एका दलालाच्या थापेवर विश्वासून तो पैसा जमवतो, आणि तो पैसा जमतो कसा, तर यंत्रदेही माणसांचे पाठीचे कणे चोरून. अखेरीस तो माल वर नेणाऱ्या अजस्र नळावरून स्वतःच चढू लागतो. नळाच्या संरक्षणासाठी फिरणारे काटेरी कडे त्याला छिन्न करते, आणि त्याला धरण्यासाठी झेपावलेल्या गॅलीच्या मुठीत केवळ त्याचा तुटलेला हात उरतो. ज्याला आपले स्थान बदलायचे होते तो अशा रीतीने संपतो; जिला आपले स्थान कोणते हेच ठाऊक नाही ती मात्र उरते, आणि ते उरणे हीच तिची पुढची ओळख होते.

झालेमचे रहस्य उघड होते ते बरेच पुढे. त्या स्वर्गीय नगरातील प्रत्येक नागरिक वयात येताच त्याच्या कवटीतला मेंदू काढून तिथे एक चकती बसवली जाते, आणि हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नसते. खाली यंत्राच्या देहात मानवी मेंदू. वर मानवी देहात यंत्राचा मेंदू. कपाळावर झालेमची खूण वागवणारा इदो हा त्याच नगरातून हद्दपार झालेला गृहस्थ. आपल्या मस्तकात काय आहे हे कळताच त्याला ते सोसवत नाही आणि तो स्वतःची स्मृती पुसून टाकतो. गॅली त्याला शोधीत येते तेव्हा तो तिला ओळखही देत नाही. मला या साऱ्या ग्रंथात याहून विलक्षण काही आढळले नाही. जिला भूतकाळ नव्हता ती त्याच्याशिवाय माणूस झाली, आणि ज्याने तिला माणूस केले त्याने, माणूस म्हणून जगणे शक्य व्हावे यासाठी, भूतकाळावरचा हक्क स्वहस्ते सोडून दिला. व्यक्तीची ओळख स्मृतीत असते असे मानणाऱ्या तत्त्वज्ञाला या दोन पात्रांचे जाबजबाब घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

किशिरोने हाच न्याय आपल्या ग्रंथालाही लावला, ही गोष्ट मोठी मार्मिक आहे. १९९५ साली नववा खंड एका समाप्तीवर आला होता. पण पुढे तो शेवट त्याला पटेनासा झाला, आणि ‘लास्ट ऑर्डर’चा आरंभ त्याने त्या शेवटाच्या अलीकडच्या एका प्रसंगातून केला, जणू मधली पाने लिहिलीच नव्हती. लेखकाने स्वतःच्या कृतीचा शेवट रद्दबातल ठरवावा हा त्याचा अधिकार खरा, तथापि छापून आलेले कागद विसरण्याचे वाचकावर बंधन नाही. नवव्या खंडापाशी थांबणाऱ्याला एक पूर्ण, शोकमय आणि प्रमाणबद्ध कथा मिळते. पुढे जाणाऱ्याला अवकाशातील सत्ताधीशांनी भरवलेला प्रचंड आखाडा, त्यातील कंटाळा येण्याइतके दीर्घ सामने, आणि मधूनमधून उल्कापातानंतरच्या गोठलेल्या पृथ्वीचा विलक्षण पूर्वेतिहास मिळतो. पहिल्यात संयम आहे, दुसऱ्यात पसारा; पण त्या पसाऱ्यावाचून गॅलीच्या पूर्वायुष्याचा दरवाजा उघडत नाही.

उपशाखांविषयी थोडक्यात सांगतो. मोटरबॉल नावाचा जो यंत्रदेहींचा जीवघेणा खेळ पहिल्या मालिकेच्या मध्यात येतो, त्यावर ‘अ‍ॅशन व्हिक्टर’ ही स्वतंत्र कथा १९९५-९६ मध्ये आली; तिच्यात गॅली नायिका नाही, आणि चित्रेही काळ्या-पांढऱ्याच्या कठोर विरोधातून काढलेली आहेत. मोटरबॉलचे खंड वाचून झाल्यावरच ती रुचते. लघुकथांचा संग्रह नऊ खंडांनंतर घ्यावा. १९९३ चा दोन भागांचा सचेतन चित्रपट आरंभापुरताच आहे. जेम्स कॅमेरॉन यांनी निर्माता म्हणून आणि रॉबर्ट रॉड्रिग्ज यांनी दिग्दर्शक म्हणून २०१९ साली जो बोलपट आणला, त्यात दृश्यवैभव विपुल आहे; परंतु नायिकेच्या युद्धकालीन पूर्वायुष्याच्या झलका तो इतक्या लवकर दाखवू लागतो की तिचे अज्ञान हेच तिचे बळ होते हे पाहणाऱ्याच्या लक्षात येण्यापूर्वीच ते संपते.

आता भाचीच्या सल्ल्याकडे. ‘मार्स क्रॉनिकल’मध्ये युद्धाने अनाथ झालेल्या योको आणि एरिका या दोन मुली भेटतात, आणि त्यांतली योको म्हणजेच पुढची गॅली. हे वाचताना जो कंप होतो त्याचे कारण योको नव्हे. ते अनाथ मूल पुढे काय काय करणार आहे, कोणाचा तुटलेला हात धरणार आहे, हे आपल्याला आधीच ठाऊक असते, म्हणून तो कंप. ते ठाऊक नसलेल्या वाचकाला ती युद्धातल्या असंख्य पोरक्या मुलांपैकी एक दिसेल. बालपणाला अर्थ येतो तो पुढच्या आयुष्याकडून, आणि म्हणून जे पहिले घडले ते शेवटी वाचणे हाच इथे खरा क्रम ठरतो. माझ्या भाचीला मी तसे सांगितले; ती म्हणाली, “मामा, मग मी हे सगळं ज्या क्रमाने वाचलं, तोच तू आत्ता सांगतोयस.” तिने स्वतः प्रकाशनाच्या क्रमाने वाचले होते आणि इतरांसाठी मात्र कालक्रमाची शिफारस करीत होती. एखादी गोष्ट पुरती कळली की आपण ती कशी कळली हे विसरतो आणि दुसऱ्याला थेट निष्कर्षापासून सुरू करायला सांगतो. पहिला खंड पहिला वाचावा, एवढा साधा नियम सांगायला निबंध लागतो तो त्यामुळेच.