ताईचा पेपर आणि मी काढलेलं पंचर

आमचा आखाडा सेनगावपासून चार किलोमीटर आत आहे. वाट शेतातून जाते. वाटेवर बाभळी आहेत आणि उन्हाळा लागला की वाळलेले सराटे तर विचारूच नका! चप्पल असली तर माणूस वाचतो, सायकल मात्र वाचत नाही. इंग्रजीत सराट्याच्या वेलीचं नावच ‘पंक्चरची वेल’ अशा अर्थाचं आहे.

माझ्या ताईला आठवीत मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळाली. मागच्या मार्चमध्ये तिची दहावीची परीक्षा होती. विज्ञानाच्या पेपराच्या आदल्या दिवशी ती सायकल हातात धरून पायीच घरी आली. मागचं चाक बसलं होतं. बाबा हळद शिजवायला गेलेले, रात्री येणार नव्हते. आई म्हणाली, “आता काय करावं गं माय!” मी ऐटीत म्हणालो, “त्यात काय, मी काढतो पंचर.” दुकानात मी कितीदा पाहिलं होतं!

ट्यूबमध्ये हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात बुडवली. बुडबुडे निघाले तिथं घासलं, सोल्यूशन लावलं, वाळू दिलं आणि ठिगळ दाबून बसवलं. टायरच्या आतून हळूच बोट फिरवून सराट्याचा काटाही काढला. इथवर सगळं झकास झालं. पण टायर चढवताना शेवटची वीतभर कड काही केल्या रिममध्ये जाईना. अंगठे लाल झाले. शेवटी मी पेचकस घातला आणि जोर केला. टायर बसलं. हवा भरल्यावर चाक दगडासारखं टणक झालं. मी ताईला म्हणालो, “जा उद्या बिनघोर.”

सकाळी पाहतो तर चाक पुन्हा बसलेलं. पेपर अकराला होता. मी पटकन म्हणालो, “रात्री दुसरा सराटा घुसला असंल.” सायकल तर रात्रभर ओसरीत उभी होती! ताई काहीच बोलली नाही. कंपास घेऊन उन्हात पायी निघाली. मी तिच्या मागं सायकल ढकलत चाललो. सेनगाव येईपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. ती आत गेली आणि थोड्याच वेळात घंटा झाली.

मी सायकल दुकानात नेली. मामांनी ट्यूब पाण्यात धरली. माझं ठिगळ पक्कं होतं, पण त्याच्या पलीकडं शेजारीशेजारी दोन बारीक चिरा होत्या. मामा म्हणाले, “हा काटा नाही. पेचकस कुणी घातला?” मी मान खाली घातली. ते रागावले नाहीत. म्हणाले, “टायर जोरानं चढत नसतंय. त्याला जागा करून द्यावं लागते. बैस, दाखवतो.”

रिम कडेला उंच आणि मधोमध खोल असते. टायरच्या कडेत तार असते, ती ताणत नाही. म्हणून ट्यूबमधली हवा काढायची. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूनं टायर चढवायला लागायचं आणि चढलेली कड दोन्ही हातांनी रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत यायचं. मग शेवटी व्हॉल्व्हपाशी तेवढीच ढील मिळते आणि टायर नुसत्या अंगठ्यानं बसतं. व्हॉल्व्ह एकदा वर ढकलायचा, म्हणजे ट्यूब कडेखाली अडकत नाही. मग हवा भरायची.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी “काल कामून आला नाहीस?” असं विचारलं. मी सगळं खरं सांगितलं. तेव्हा गुरुजींनी वर्गाला एक गोष्ट सांगितली. हवेचं सायकल टायर डनलॉप नावाच्या पशुवैद्यानं १८८८ साली प्रचारात आणलं. पण ते रिमला चिकटवलेलं असे. फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंच्या कारखान्यात असं एक टायर दुरुस्तीला आलं. काम तीन तास चाललं, रात्रभर वाळवलं, आणि दुसऱ्या दिवशी थोडं अंतर जाताच पंक्चर पुन्हा बसलं! त्यावरूनच त्यांनी सहज निघणारं टायर तयार केलं. १८९१ साली तसली टायरं लावून शार्ल तेराँ यानं पॅरिस ते ब्रेस्त आणि परत अशी सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत जिंकली.

वर्गातली मुलं माझ्याकडं पाहून हसली. मलाही हसू आलं. म्हणजे मोठ्या लोकांचं पंचरही बसतं तर! पण त्यांनी सराट्यावर ढकललं नव्हतं.

संध्याकाळी मी ताईला सांगितलं, “ताई, सराटा नव्हता. पेचकस मी घातला होता.” ती म्हणाली, “मला ठाऊक होतं. तू कधी सांगतोस तेच पाहायलते.” मला पंचरपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आता ताई अकरावीत आहे. तिच्या सायकलीचं पंचर मीच काढतो. पेचकस मी बाबांच्या पेटीत परत ठेवला आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाची सायकल पंचर झाली तर मला सांगा. पैसे घेणार नाही. घमेलंभर पाणी मात्र तुम्ही आणा.

(इयत्ता ७ वी)