झाकणावरचा नोव्हेंबर

घड्याळ ओळखायचं तर आधी पालथं करावं. समोरून ते गोड बोलतं. मागच्या झाकणावर काय कोरलंय ते खरं, निदान जुन्या सिको फाइव्हच्या बाबतीत तरी. ६११९ असे चार आकडे दिसले की आतलं यंत्र कोणतं ते कळलं. शिवाय वेगळा एक क्रमांक असतो. त्याचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा, दुसरा महिन्याचा. ऑक्टोबरला ‘ओ’, नोव्हेंबरला ‘एन’, डिसेंबरला ‘डी’. म्हणजे ‘३एन’ नोव्हेंबरमधलं. पण १९६३ की ७३ की ८३? दशक कारखान्याने लिहिलेलंच नाही! ते यंत्रावरून ताडायचं. ६११९ सत्तरच्या आगेमागे निघत होतं, तेव्हा १९७३.

माझा जीव मात्र वाराच्या चकतीत. कोकणातल्या माणसांनी आखातातून आणलेल्या कितीतरी घड्याळांत मंगळवार इंग्रजीत उगवतो, अरबीतही उगवतो. घड्याळ कुठल्या गिऱ्हाइकासाठी बनलं, याचा एवढा साधा पुरावा दुसरा नाही. या घड्याळाला चावी द्यायची सोय नाही. माणूस चालतो, हात हलतो, आतली अर्धगोल चकती फिरते नि स्प्रिंग ताणली जाते. १९५९ साली सिकोने आणलेल्या ‘मॅजिक लीव्हर’मुळे ती डावीकडे फिरो की उजवीकडे, काम होतंच. काढून ठेवलं की दोनेक दिवसांत बंद.

किमतीचं गणित डायलवर येऊन अडतं. डाग पडलेली मूळ डायल महाग, चकचकीत नवी रंगवलेली स्वस्त. अशा रंगवलेल्या घड्याळांना परदेशी शौकीन नाक मुरडून ‘बॉम्बे स्पेशल’ म्हणतात. सहाच्या खाली बारीक अक्षरांतला क्रमांक गायब असेल किंवा फराटे उठले असतील, तर संशय घ्यावा. केसच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झाल्या असतील, तर पॉलिशवाल्याचा हात फिरलाय. भाव पाडून मागावा, हे योग्यच. तरी मला त्या रंगवणाऱ्याचा राग येत नाही. डायल काळवंडली म्हणून कुणी ती उजळून घेतली, कारण त्याला घड्याळ घालून लग्नाला जायचं होतं. संग्रह हा शब्द त्याच्या गावीही नव्हता.

आणि भाव तरी केवढा? ही घड्याळं लाखांनी निघाली. उघडून, धुऊन, तेल घालून घ्यायला गेलात तर पुष्कळदा मजुरीच घड्याळापेक्षा जास्त होते. घड्याळवाला हे आधीच सांगतो, आणि आपण तरी करून घेतो.