दहा येनचा डबा आणि मियाको बेट

ग्रुपवर बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय. मी ग्वाल्हेरची, लश्करातली. मूळ गाव गुहागर, कुलदैवत व्याडेश्वर. पण आमचे पूर्वज शिंद्यांच्या चाकरीत इकडे आले ते इकडचेच झाले. समुद्र आम्हाला माहीत तो कुलाचाराला गेलो की दिसतो तेवढाच. पुण्याचे नातेवाईक आमच्या मराठीला हसतात, कारण आमच्याकडे पाऊस येत नाही, "पाणी पडतं".

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मुलाकडे टोकियोला गेले होते. नात नऊ वर्षांची, तिथेच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, पण उत्तर जपानीत. तिसऱ्याच दिवशी मी एक नियम काढला: आजीशी बोलताना जपानी शब्द आला की दहा येन डब्यात. मला वाटलं, खेळ होईल. पहिल्या दोन दिवसांत सत्तर येन जमले आणि मग डबा भरायचाच थांबला. मी खूश! सूनबाई हळूच म्हणाली, "आई, ती तुमच्याशी बोलतच नाहीये."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण डबा तसाच राहिला.

मेच्या सुरुवातीला त्यांना सलग सुट्ट्या असतात, तेव्हा मुलाने मियाकोजिमाला नेलं. ओकिनावा प्रांतातलं हे बेट, टोकियोहून विमानाने तीन तासांच्या वर. नकाशात पाहिलं तर ग्वाल्हेर या बेटाच्याही उत्तरेला! दोन्ही कर्कवृत्ताच्या वरच. पण आमच्याकडे मेमध्ये लू चालते आणि इथे वारा असा की पदर सावरता सावरेना.

हे सगळं बेटच पोवळ्यांच्या चुनखडीचं. ना डोंगर, ना मोठी नदी. पडलेलं पाणी दगडात मुरून जातं. म्हणून शेतीसाठी इथे जमिनीच्या पोटात भिंती घालून भूमिगत धरणं बांधलीत, त्यावर ऊस पिकतो. आणि नद्यांचा गाळ येत नाही म्हणून समुद्र एवढा नितळ. योनाहा माएहामाची पांढरी वाळू सात किलोमीटर पसरलीय. मी चपला हातात घेऊन चालत सुटले, मुलाला हाका मारून परत बोलवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सायकली भाड्याने घेतल्या, बॅटरीवाल्या. कमलाराजा कॉलेजला मी सायकलनेच जायची, पण त्याला चाळीस वर्षं झाली. बरं तर बरं, जपानातही वाहनं डावीकडूनच चालतात. रस्त्याच्या कडेला जागोजाग पांढऱ्या चेहऱ्याचे पोलिसाचे पुतळे उभे, गाड्यांनी हळू जावं म्हणून. नाव मामोरु-कुन. लांबून पाहिला तर मी ब्रेकच मारला, नात खोखो हसली. मग इराबू पूल. ३,५४० मीटर लांब, २०१५ साली सुरू झाला, टोल नसलेला जपानमधला सर्वांत लांब पूल. खालून जहाजं जावीत म्हणून मध्ये उंच चढवलाय. त्या चढावर आडवा वारा असा लागला की मी उतरून सायकल ढकलली. दोन्हीकडे पाणी, इथे हिरवं, तिथे निळं. नात पुढे जाऊन थांबली होती. "आजी, हळू," म्हणाली. मराठीत! मी काही बोलले नाही.

मुलाने डायव्हिंग केलं. माझ्या वयाला डॉक्टरचं सर्टिफिकेट मागतात, म्हणून मी आणि नात आरागुसुकूच्या किनाऱ्यावर मुखवटा आणि नळी लावून तरंगलो. पाण्यात तोंड घालायलाच मला पंधरा मिनिटं लागली. तिने माझा हात सोडला नाही. खाली पोवळ्यांची झुडपं, त्यांत नारिंगी-पांढरे मासे. एक गठ्ठा मात्र खडूसारखा पांढरा. बाहेर आल्यावर मुलाने सांगितलं: पोवळं हे झाड नाही, बारीक जीव आहेत. त्यांच्या अंगात शेवाळ राहतं, तेच त्यांना रंग देतं आणि खाऊही घालतं. समुद्र फार तापला की ते शेवाळ बाहेर पडतं. "पण पांढरं पडलं म्हणजे लगेच मेलं असं नाही, आई. पाणी वेळेत थंड झालं तर परत रंग येतो."

संध्याकाळी आमच्या गेस्टहाउसच्या मालकीणबाईंनी कारल्याची भाजी वाढली, टोफू आणि अंडं घालून. वय ऐंशीच्या पुढे. मुलगा-सून बाहेर फिरायला गेलेले, म्हणून दुभाषी कोण, तर नात. मी "आरिगातो" म्हटलं तर बाई हसून म्हणाल्या, मियाकोत "तंदिगा-तंदी" म्हणतात. मियाकोची भाषा वेगळीच आहे, टोकियोच्या माणसाला कळत नाही. २००९ मध्ये युनेस्कोने ती धोक्यातल्या भाषांत घातली. मी नातीला विचारायला सांगितलं, तुमची नातवंडं बोलतात का? बाईंनी मान हलवली आणि बरंच काही सांगितलं.

नात शब्द शोधत शोधत सांगत होती. "आजी, त्या लहान होत्या ना, तेव्हा शाळेत घरची भाषा बोलली की लाकडाची पाटी गळ्यात. मग दुसऱ्या कुणी बोललं की त्याच्या गळ्यात. म्हणून त्या... गप्प राहायच्या. मग मुलांशी पण नाही बोलल्या."

आणि माझ्याकडे बघायला लागली.

मंडळी, ती काही टोचून बोलली नव्हती, पण मला ते सत्तर येन दिसले. माझा डबा घरच्या भाषेसाठी होता, ती पाटी घरच्या भाषेविरुद्ध. पण पोर गप्प झाली ती दोन्हीकडे सारखीच.

रात्री मी तिला म्हटलं, "डबा बंद. आजी चुकली." ती म्हणाली, "मग पैसे?" टोकियोला परतल्यावर त्या सत्तर येनांत माझे पैसे घालून तिने आईस्क्रीम आणलं. बेटावरून आणलेली काळी साखर, म्हणजे चक्क आपला गूळच, त्यावर किसून खाल्ला.

जून उजाडला, टोकियोत पावसाळा लागला. एका सकाळी ती खिडकीशी उभी राहून ओरडली, "आजी, पाणी पडतंय!"

पुण्याच्या नातेवाइकांनी खुशाल हसावं.

तुमच्याकडे नातवंडं कोणत्या मराठीत बोलतात? जरूर लिहा.